पोराचे पॉइंट १९ वरून ८ वर आले, म्हणजे पोरगा बिघडला काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. त्रिमूर्तीनगरचे एक वडील विचारून राहिले की मुलगा १७ वर्षांचा, उंची सहा फूट एक इंच, बास्केटबॉल खेळतो, जुन्या क्लबकडून मॅचला सरासरी १९ पॉइंट करायचा, जूनमध्ये क्लब बदलला आणि नव्या टीमकडून आठ मॅच झाल्या तर सरासरी आली ८. नवीन कोच म्हणतात पोरगा छान खेळून राहिला, घरचे म्हणतात या कोचनं पोराला दाबून टाकलं, टीम निवडीची ट्रायल दीड महिन्यावर आली, परत जुन्या क्लबला न्यायचं काय? सोबत त्यांनी दोन्हीकडच्या मॅचचे आकडे पाठवले (मुलाची आई वहीत लिहून ठेवते, त्या वहीला माझा नमस्कार) आणि नव्या टीमच्या एका मॅचचा मोबाईलवरचा व्हिडिओ पण.

भाऊ, मी नागपुरात २६ वर्षं पोट्टे शिकवून राहिलो, त्याआधी युनिव्हर्सिटीकडून खेळलो, आणि हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी बाप घेऊन येतोच. आधी सरळ उत्तर देतो, मग कारण सांगतो. आत्ता पोराला हलवू नका. ते ११ पॉइंट कमी झाले ना, त्यातले बहुतेक पोराच्या हातातून गेलेले नाहीत, ते टीमच्या खेळायच्या पद्धतीत होते आणि तिथंच राहिले. हे मी तुमचं मन राखायला सांगत नाही, तुमच्याच वहीतून निघतं, पाहा.

आपण पॉइंट मोजतो मॅचला. पण मॅच हे माप सगळीकडे सारखं नसतंच. खरं माप आहे पझेशन, म्हणजे बॉल आपल्या टीमकडे आला तिथपासून तो समोरच्याकडे गेला तिथपर्यंतची एक पाळी. स्कोअरशीटवर हे कोणी लिहीत नाही पण काढता येतं: टीमने किती शॉट मारले, त्यात फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) संख्या गुणिले ०.४४ मिळवायची, टर्नओव्हर म्हणजे शॉट न मारताच गमावलेले बॉल मिळवायचे, आणि आपलाच शॉट हुकल्यावर आपणच परत घेतलेले रिबाउंड वजा करायचे कारण ती पाळी संपलीच नव्हती. ते ०.४४ काहून तर दोन फ्री थ्रो मिळून साधारण एक पाळी संपते, पण बास्केट झाल्यावर मिळणारा एक जादा फ्री थ्रो नवीन पाळी खात नाही, म्हणून अर्ध्याच्या जरा खाली. अमेरिकेत डीन ऑलिव्हर नावाच्या माणसानं हे हिशोब लोकांपर्यंत नेले आणि आता तिथल्या बऱ्याच टीम असंच मोजतात.

तुमच्या वहीवरून मी काढलं तर जुन्या क्लबच्या मॅचमध्ये एका टीमला साधारण ८० पाळ्या मिळतात, नव्या क्लबला ६०. हा फरक लहान नाही. ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद, दोन्ही टीमच्या मिळून १६० पाळ्या म्हणजे एका पाळीला १५ सेकंद, आणि १२० पाळ्या म्हणजे २० सेकंद. जुना क्लब पूर्ण कोर्टवर प्रेस करतो म्हणजे समोरच्याला कोर्टभर घेरतो, बॉल हिसकला की पळतो, रिबाउंड मिळाला की लांब पास आणि लेअप, म्हणजे पळत जाऊन अगदी बास्केटजवळून टाकलेला बॉल. नवीन क्लब बॉल खाली आणतो, चार-पाच पास करतो, मग शॉट. त्यात आपल्याकडच्या बऱ्याच ग्राउंडवर २४ सेकंदांत शॉट मारायला लावणारं घड्याळच नसतं त्यामुळे सावकाश खेळणारी टीम कधी कधी पस्तीस-चाळीस सेकंद पण बॉल फिरवते, कोणी अडवत नाही.

आता पोराचं पाहा. जुन्या क्लबला तो ३० मिनिटं खेळायचा म्हणजे ८० पैकी ६० पाळ्यांना तो कोर्टवर असायचा. नव्या क्लबला २४ मिनिटं मिळतात म्हणजे ६० पैकी ३६ पाळ्या. मग ६० पाळ्यांत १९ करणारा पोरगा अगदी तसाच खेळला, काहीही बदललं नाही, तरी ३६ पाळ्यांत त्याचे होतील ११.४. म्हणजे ११ पॉइंटपैकी साडेसात तर नुसत्या पाळ्या कमी झाल्या म्हणून गेले, त्यात पोराचा ना दोष ना कोचचा राग. उरले साडेतीन. त्या साडेतीनवर बोलू, पण आधी या साडेसाताचं एक मोठं उदाहरण देतो कारण लोकांना वाटतं हे फक्त आपल्या गल्लीत होतं.

अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये, एनबीएमध्ये, १९९०-९१ ला डेन्व्हर नगेट्सचे कोच होते पॉल वेस्टहेड. त्यांची पद्धत अशी की बॉल मिळाला की काही सेकंदांतच शॉट, आणि समोरचाही पळू दे. त्या टीमनं सीझनभर मॅचला सरासरी ११९.९ पॉइंट केले, म्हणजे बॅटिंग एकदम जोरात, आणि खाल्ले १३०.८. जिंकल्या २०, हरल्या ६२. त्या टीममध्ये मायकल अ‍ॅडम्स नावाचा पाच फूट दहाचा गार्ड होता, त्याची त्या वर्षी सरासरी २६.५ पॉइंट आणि १०.५ असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट झाली ते पास). पुढच्या वर्षी तो वॉशिंग्टनला गेला, १८.१ पॉइंट आणि ७.६ असिस्ट. त्याच टीमचा ऑर्लँडो वूलरिज, डेन्व्हरला २५.१, पुढच्या वर्षी डेट्रॉइटला १४. दोघंही एका उन्हाळ्यात खेळ विसरले काय? अ‍ॅडम्सची शूटिंगची टक्केवारी दोन्ही वर्षी चाळीसच्या खालीच होती, तोच हात, तीच उडी, फक्त डेन्व्हरला पाळ्या खूप होत्या आणि त्या पाळ्यांत त्याच्याच हातात बॉल होता. डेट्रॉइट तर त्या काळी लीगमधल्या सगळ्यात सावकाश आणि चिवट खेळणाऱ्या टीमपैकी एक. तुमचा पोरगा असाच डेन्व्हरवरून डेट्रॉइटला आला आहे, इतकंच.

आता ते साडेतीन. इथं पाळ्यांचा नाही, कामाचा प्रश्न येतो. जुन्या क्लबला पोरगा मॅचला १८ शॉट मारायचा, ४ फ्री थ्रो, ५ टर्नओव्हर. हिशोब केला तर तो कोर्टवर असताना टीमच्या शंभरातल्या ४१ पाळ्या त्याच्याच हातात संपत होत्या. पाच जण खेळतात म्हणजे सरासरी २० यायला पाहिजे, याचे ४१! नव्या क्लबला ६ शॉट, २ फ्री थ्रो, १ टर्नओव्हर, म्हणजे २२. आणि आता हे नीट वाचा: जुन्याकडे त्यानं स्वतः संपवलेल्या प्रत्येक पाळीमागे त्याचे पॉइंट निघतात ०.७७, नव्याकडे १.०२. म्हणजे बॉल त्याच्या हातात गेला की टीमला जे मिळतं ते वाढलं.

पण लगेच घरी जाऊन असं सांगू नका की पोरगा सुधारला. मी पण तसं म्हणणार नाही. ४१ टक्के ओझं उचलणाऱ्याला वाईट शॉट पण मारावे लागतात, कारण बाकी चौघं बॉल त्यालाच परत देतात आणि घड्याळ संपत आलेलं असतं. २२ टक्क्यांत तो फक्त चांगले शॉट निवडून मारतो. ओझं कमी झालं की टक्केवारी वर जाते, ओझं वाढलं की खाली येते, हे जवळपास प्रत्येक खेळाडूचं होतं. म्हणून एका आकड्यावर निकाल द्यायचा नाही. १९ वाला पोरगा आणि ८ वाला पोरगा एकच, एका टीमनं त्याला ओझं दिलं आणि दुसऱ्या टीमनं काम दिलं.

विल्ट चेंबरलेनचं नाव सगळ्यांना माहीत असते ते एनबीएच्या एका मॅचमधल्या १०० पॉइंटमुळे, २ मार्च १९६२, हर्शी, पेनसिल्व्हेनिया. त्या सीझनला त्याची सरासरी ५०.४ होती. हे वाचून पोट्टे वेडे होतात, पण त्याच ओळीत हे वाचत नाहीत की तो मॅचला ३९.५ शॉट मारायचा आणि ४८ मिनिटांच्या मॅचमध्ये सरासरी ४८.५ मिनिटं खेळायचा, म्हणजे एक्स्ट्रा टाइम धरून जवळपास बसतच नव्हता. कोच फ्रँक मॅग्वायरची पद्धतच अशी की बॉल विल्टला द्या. मग १९६६-६७ ला दुसरी टीम, कोच अ‍ॅलेक्स हॅनम, त्यांनी सांगितलं की तू पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, बॉल घे, शोध, दे. त्या वर्षी विल्टचे शॉट १४.२ वर आले, पॉइंट २४.१ वर आले, म्हणजे निम्म्याहून कमी, पण शूटिंग गेली ६८.३ टक्क्यांवर, असिस्ट ७.८ झाले, टीम ६८ जिंकली १३ हरली आणि चॅम्पियन झाली. आधीच्या सहा-सात वर्षांत जे झालं नव्हतं ते. त्या काळी पण लोकांनी विचारलं असेलच ना की विल्टला झालं काय.

तुमचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला. जुन्या क्लबच्या आकड्यांत लेअप जास्त आहेत म्हणजे त्याचे पॉइंट मोकळ्या कोर्टवर पळून येत होते, समोर एक डिफेंडर किंवा कोणीच नाही. नव्या टीममध्ये तो फ्री थ्रो लाइनच्या जवळ, हाय पोस्टला उभा असतो, पाठ बास्केटकडे, बॉल घेतो आणि कट मारणाऱ्याला, म्हणजे बास्केटकडे धावणाऱ्याला, देतो. दोन वेगळी कामं आहेत बाप्पा. पहिल्यात पाय लागतात, दुसऱ्यात डोळे. आणि १७ व्या वर्षी पायावर सगळं चालतं म्हणून डोळ्याचं काम शिकायचं राहूनच जाते, मग पोरगा राज्याला जातो, तिथं सगळ्यांचेच पाय तसेच असतात, आणि याच्याकडे दुसरं काहीच नसते. मी हे इतक्या पोरांचं पाहिलं की आता मोजत नाही.

कोचचं पण समजून घ्या. सिस्टीम फक्त आवडीवर ठरत नाही. नव्या क्लबच्या बेंचवर मला व्हिडिओत तीनच पोट्टे दिसले, म्हणजे आठ जणांची टीम. आठ जणांत पूर्ण कोर्ट प्रेस चाळीस मिनिटं होत नाही, आणि आपल्या गावात तर नाहीच, सिमेंटचं कोर्ट, ऑक्टोबरमधलं दुपारचं ऊन, मे महिन्याचं तर सोडूनच द्या, ४५ डिग्रीच्या गावात आपण कॅम्प सकाळी साडेपाचला घेतो ते काही हौस म्हणून नाही. ज्याच्याकडे बारा पोट्टे आहेत तो पळवतो, ज्याच्याकडे आठ आहेत तो बॉल फिरवतो. बाहेरच्या ग्राउंडवर हवा असली की लांबचा शॉट भरोशाचा राहत नाही, रिंग कडक असली की बॉल बाहेर फेकल्यासारखा जातो, म्हणून असे कोच आतल्या पासवर जास्त खेळतात. मानकापूरच्या संकुलात इनडोअर खेळताना हीच टीम कदाचित वेगळी खेळेल.

रिबाउंडबद्दल तुम्ही विचारलं नाही पण वहीत दिसतं की तिथं पण फरक पडला, आधी मॅचला ९ आता ५, आणि आईनं त्या खाली लाल पेननं रेघ मारली. ती रेघ पुसा. रिबाउंड हा तर पॉइंटपेक्षाही जास्त सिस्टीमचा आकडा आहे. एनबीएत मिलवॉकीकडून खेळलेला ब्रूक लोपेझ घ्या, सात फुटाचा सेंटर, २०१८-१९ ला मॅचला फक्त ४.९ रिबाउंड. लोक म्हणायचे एवढा मोठा माणूस आणि पाच रिबाउंड? पण तो करायचा काय तर समोरच्या सगळ्यात जाड्या माणसाला पाठीवर घेऊन बॉक्स आउट करून उभा राहायचा, आणि बॉल टीमचा स्टार यानिस घ्यायचा आणि तिथूनच पळत सुटायचा. रिबाउंड यानिसच्या नावावर, काम लोपेझचं. याच लोपेझचे पहिल्या आठ सीझनमध्ये मिळून फक्त ३ थ्री (लांबच्या लाइनबाहेरचे तीन पॉइंटवाले शॉट) आत गेले होते, मग ब्रुकलिनला केनी अ‍ॅटकिन्सन कोच आले आणि २०१६-१७ च्या एका सीझनमध्ये १३४ गेले. हात आधीपासून होता. कोणी त्याला लाइनच्या बाहेर उभंच केलं नव्हतं.

इथं मला माझी एक चूक सांगायची आहे, बारा-तेरा वर्षं झाली तरी मनातून जात नाही. माझ्याकडे एक पोरगा होता, चांगला उंच, आम्ही डिफेन्सला दोन-तीन झोन खेळायचो, म्हणजे दोघं वर आणि तिघं बास्केटजवळ, प्रत्येकानं आपली जागा सांभाळायची, आणि मी त्याला वरच्या दोघांत ठेवायचो कारण त्याचे हात लांब होते, पास कापायचा. त्याला मॅचला दोन-अडीच रिबाउंड मिळायचे. मी त्याला सगळ्यांसमोर, त्याच्या वडिलांसमोर, सांगितलं की तू आळशी आहे, आत जात नाही. पोरगा काही बोलला नाही. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे गेला, तिथं मॅन टू मॅन, म्हणजे प्रत्येकाला एक माणूस धरून, खेळायचे, आणि आमच्याच विरुद्ध त्यानं अकरा रिबाउंड ओढले. मी रात्री बसून विचार केला तर लक्षात आलं, शॉट गेला की पुढे पळायचं हे मीच त्याला सांगितलेलं होतं, फास्ट ब्रेकचा पहिला माणूस तोच होता. मीच त्याला रिबाउंडपासून लांब पळवला आणि मीच त्याला रिबाउंड मिळत नाही म्हणून रागावलो. नंतर मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून कोणत्याही पोराचा आकडा वाचायच्या आधी मी विचारतो की शॉट सुटला त्या वेळी याला कुठं उभं राहायला सांगितलं होतं.

आणि आपल्याकडे एक मोठी अडचण आहे ती म्हणजे स्कोअरशीट. आपल्या जिल्ह्याच्या, इंटरस्कूलच्या, क्लबच्या मॅचला जी शीट भरतात त्यात पॉइंट आणि फाउल, बस. किती शॉट मारून ते पॉइंट झाले ते नाही, असिस्ट नाही, रिबाउंड नाही, स्क्रीन (साथीदाराला मोकळं करायला त्याच्या डिफेंडरच्या वाटेत उभं राहणं) तर कुठंच नाही. मग वर्तमानपत्रात छापून येते अमुकने २२, तमुकने १७, घरी कात्रण फ्रेम होते, पोराची ओळख तीच होते. दहावी-बारावीच्या ग्रेस मार्कांपासून पुढच्या नोकरीपर्यंत लोक टीम कुठवर गेली ते पाहतात, पण घरात मात्र पॉइंटच. मी तुम्हाला दोष देत नाही, जे लिहिलं जाते तेच दिसते. म्हणून ती आईची वही महत्त्वाची आहे, तिच्यात चार रकाने अजून वाढवा: मारलेले शॉट, टर्नओव्हर, ज्या पासवर लगेच बास्केट झाली तो पास, आणि ज्या स्क्रीनवर दुसरा मोकळा झाला ती स्क्रीन. मी दोन मिनिटात शिकवतो, काही अवघड नाही.

सिस्टीम आकडा किती फुगवू शकते याचं टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं ग्रिनेल कॉलेज. २० नोव्हेंबर २०१२ ला त्यांच्या जॅक टेलरनं एका मॅचमध्ये १३८ पॉइंट केले, जगभर बातमी झाली. ३६ मिनिटांत १०८ शॉट मारले, ५२ गेले, त्यात ७१ थ्री मारून २७ गेले. त्या कॉलेजची पद्धतच अशी की पूर्ण मॅच प्रेस, पाच-पाच जणांची पूर्ण टोळी बदलायची, आणि शक्य तितके थ्री, त्या दिवशी सगळा बॉल एकाकडे. आणि ज्या गोष्टीकडे लोकांचं कमी लक्ष गेलं ती ही की समोरच्या टीमच्या एका पोरानं त्याच मॅचमध्ये ७० केले, कारण प्रेस तुटला की बास्केटखाली कोणीच नव्हतं, लेअपवर लेअप. स्कोअर १७९-१०४. टेलर चांगला शूटर होता यात वाद नाही, पण तो १३८ हा आकडा त्याच्या एकट्याचा नाही आणि तो ७० सुद्धा त्या दुसऱ्याच्या एकट्याचा नाही.

आता उलट बाजू, कारण ती नाही सांगितली तर उत्तर अर्धं राहील. कधी कधी सिस्टीम खरंच पोराला बसत नाही, आणि तेव्हा हलवलंच पाहिजे. स्टीव्ह नॅश २००४ ला डॅलसवरून फिनिक्सला गेला तेव्हा तीस वर्षांचा होता, लोक म्हणाले उतरला. तिथं माइक डँटोनीनं कोर्ट मोकळं ठेवलं, शूटर बाहेर उभे केले, एक मोठा माणूस पिक अँड रोलला (स्क्रीन लावून लगेच बास्केटकडे वळायला) दिला आणि बॉल नॅशला. असिस्ट ८.८ वरून ११.५, आणि २९ मॅच जिंकणारी फिनिक्सची टीम पुढच्या वर्षी ६२ जिंकली, नॅशला २००५ आणि २००६ ला एमव्हीपी, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. तो आधी पण चांगलाच होता पण त्याच्या खेळासाठी ती जागा जास्त बरोबर होती. म्हणून सिस्टीम सगळ्यांना सारखीच शिस्त लावते, गप बसून खेळा, असं मी कधी सांगणार नाही.

मग ओळखायचं कसं की तुमच्या पोराचं विल्टसारखं होऊन राहिलं की खरंच दाबल्या जाऊन राहिला? मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, कोचला विचारा की माझ्या मुलाचं काम काय, आणि कोचनं एका वाक्यात सांगितलं पाहिजे. तुमच्या कोचनं सांगितलं असं तुम्हीच लिहिलं, हाय पोस्टवरून बॉल वाटायचा आणि मागच्या रांगेचा झोन सांभाळायचा. म्हणजे काम आहे. ज्या पोराचं काम कोचला सांगता येत नाही तो फक्त पाच जण पूर्ण करायला उभा आहे, तिथून काढा. दुसरी गोष्ट मिनिटं. आठ मॅचमध्ये मिनिटं वाढून राहिली की कमी? तुमच्या वहीत पहिल्या मॅचला १७, शेवटच्या दोन मॅचला २८ आणि २९. वाढून राहिली. तिसरी गोष्ट, मोकळा शॉट मिळाला तर तो मारतो की पास करून टाकतो. इथं मला काळजी आहे. व्हिडिओत तिसऱ्या क्वार्टरला त्याला दोनदा पूर्ण मोकळा पंधरा फुटाचा शॉट होता, दोन्ही वेळा त्यानं बॉल दिला, दुसऱ्यांदा तर बेंचकडे पाहून दिला. हे भीतीचं आहे. नवीन टीम, चूक झाली तर बसवतील असं वाटते त्यांना. हे कोचशी बोला, शांतपणे, पोराला बाजूला ठेवून, प्रॅक्टिस संपल्यावर, "सर, मोकळा असला तर मारू दे काय" इतकंच विचारा. मला खात्री आहे ते हो म्हणतील कारण हाय पोस्टचा माणूस शॉटच मारणार नाही हे समोरच्याला कळलं की डिफेंडर मागे सरकतो आणि पासाची वाट बंद होते, म्हणजे कोचची पण सिस्टीम बिघडते.

ट्रायलचं वेगळं सांगतो. ट्रायल ही स्वतःच एक सिस्टीम आहे, आणि ती ना जुन्या क्लबसारखी ना नव्यासारखी. पाच अनोळखी पोट्टे एकत्र टाकतात, कोणतीच चाल ठरलेली नसते, दहा-दहा मिनिटं खेळवतात, सगळ्यांना बॉल पाहिजे असतो. तिथं पळणारा पोरगा लगेच दिसतो हे खरं आहे, त्यामुळे जुन्या क्लबची त्याची पहिली दोन पावलं आणि पळत जाऊन लेअप हे जिवंत ठेवा, आठवड्यातून दोन दिवस सकाळी अर्धा तास एकटा करू द्या, नव्या कोचला सांगूनच. पण बाजूला बसलेले निवड करणारे सहसा जुने खेळाडू असतात, त्यांची नजर वेगळी असते. सात जण बॉल मागून राहिले तिथं जो आठवा जाऊन स्क्रीन लावतो, परत येऊन बोलत डिफेन्स करतो, तो दिसतो. मी स्वतः त्या खुर्चीवर बसलो आहे, कागदावर आधी अशाच पोरांचे नंबर लिहिले जातात, कारण टीम बनवायची असते, आणि शॉट मारणारे तर प्रत्येक ट्रायलला पंचवीस येतात.

क्लब बदलायचाच असेल तर तो विचार सीझन संपल्यावर करा, आणि तेव्हा पॉइंट नाही तर वहीतले ते चार नवीन रकाने समोर ठेवून करा. मध्येच परत नेलं तर जुन्या क्लबला पहिल्या मॅचला तो परत २० मारेल, घरी सगळ्यांना बरं वाटेल, आणि हाय पोस्टवरून पाहायची जी सवय आठ मॅचमध्ये कुठं लागायला लागली ती तिथंच थांबेल.

एक गोष्ट राहिली. व्हिडिओत दुसऱ्या क्वार्टरला, साधारण मधोमध, निळ्या शूजवाल्या बारक्या गार्डनं एकदम मोकळा लेअप मारला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शूट करणाऱ्याचा आवाज पण येतो "वा बे" म्हणून. ते परत लावा आणि बॉलकडे न पाहता तुमच्या पोराकडे पाहा. बॉल उजवीकडे असताना तो हळूच डाव्या बाजूला गेला, गार्डच्या डिफेंडरच्या पाठीमागे पाय रोवून उभा राहिला, धडक छातीवर घेतली, डिफेंडर अडकला आणि गार्ड मोकळा झाला. कोणी सांगितलेलं नव्हतं, कारण कोच त्या वेळी रेफरीशी बोलत होते. शीटवर त्याच्या नावापुढे शून्य लागलं. आज संध्याकाळी तो घरी आला की आठची सरासरी बाजूला ठेवा आणि त्याला फक्त इतकंच विचारा की ती स्क्रीन तुला कशी सुचली. तो काय सांगतो ते मला पण कळवा.